काळुरामदादाची डावी बाजू

काळुरामदादाच्या हातून आयुष्यात एकच साप सुटला, आणि तो माझ्यामुळे. नाग नाही, घोणस नाही. साधी धामण.

मी तेव्हा बॉक्सर व्हायच्या बेतात होतो. वजन चौपन्न किलो, धाटावच्या एका कंपनीत पहिली शिफ्ट, आणि पेणच्या शाळेत असताना मारामारी लागली की दप्तर घेऊन पळण्यात पहिला नंबर. एवढ्या भांडवलावर माणसाने खरं तर कॅरम खेळावा. पण मोबाइलवर एकदा एक माणूस टांगलेल्या चेंडूशी भांडताना दिसला आणि माझं मन त्यात अडकलं. सोललेल्या नारळाएवढा चेंडू, त्याला वरून एक रबरी दोर आणि खालून एक. ठोसा मारला की चेंडू लांब जातो, आणि ज्या वेगाने गेला त्याच वेगाने आपल्या नाकावर परत येतो. नाक वेळेत बाजूला घ्यायचं, यालाच सराव म्हणतात. नाव डबल-एंड बॅग.

मी ती मागवली. पडवीच्या तुळईला लोखंडी कडी ठोकली, तिच्यात आकडा, आकड्याला वरचा दोर. खाली रंगाची वीस लिटरची बादली खाडीच्या रेतीने भरून ठेवली आणि खालचा दोर तिच्या कडीला बांधला. तो दुसऱ्याच दिवशी तुटला. मग मी त्या जागी सायकलची जुनी ट्यूब बांधली, तीही सैल. दोर घट्ट असला तर चेंडू जागच्या जागी थरथरतो, सैल असला तर पडवीभर हिंडतो, हे ज्ञान मला नाकाकडून मिळालं.

भातकापणीचे दिवस होते. एका रविवारी त्या बादलीमागे धामण वेटोळं घालून बसली. आईने भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या दोन नंबरांपैकी दुसरा लावला. पहिला गॅसवाल्याचा, दुसरा काळुरामदादाचा.

अर्ध्या तासात तो सायकलवरून आला. हातात टोकाला आकडा असलेली काठी, खांद्यावर उशीच्या अभ्र्याची पिशवी. त्याने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा चेंडूकडे, एकदा माझ्या दंडांकडे.

"बॉक्सरशेट, ह्यो लोंबता नारळ जरा बाजूला धरून ऱ्हा."

मी चेंडू ओढून धरला. तो उकिडवा बसला, बादलीमागे काठीचा आकडा हळूच घातला आणि शेपूट हातात घेतलं, झाडावरची शेंग तोडावी इतक्या सहज. मला वाटलं, हा फोटो काढला पाहिजे. मोबाइल काढायला मला दुसरा हात लागला, आणि दुसरा हात म्हणजे चेंडू धरलेला.

चेंडू सणकन जाऊन त्याच्या डाव्या कानावर बसला. मूठ सुटली. धामण खांबावरून सरसर वर गेली आणि माळ्यावरच्या नारळांत दिसेनाशी झाली.

मला वाटलं, आता शिव्या. त्याने सापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. झुलणाऱ्या चेंडूकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"कुठनं आला ह्यो?"

"डावीकडून. दादा, चूक झाली माझी."

"डावीकडनं," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून त्याने पाणी मागितलं.

काळुरामदादाची वाडी गागोद्याच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत आहे. वय बावन्न, असं तो सांगतो. कमळीवहिनी, त्याची बायको, पंचावन्न सांगते. आधार कार्ड तिसरंच काही सांगतं. कामाला फार्महाऊसांवर गवत कापायला जातो, मशीन पाठीला लावून. साप पकडायचं काम त्याला कोणी दिलेलं नाही आणि कोणी काढूनही घेतलेलं नाही. शेतात भाऱ्याखाली साप निघाला, बंगल्याच्या संडासात निघाला, तरी पेणमध्ये लोक देवाच्या आधी काळुरामला आठवतात. मोबदला म्हणजे चहा. साप निघून गेल्यावर लोकांना अचानक खूप धीर येतो, मग चहात साखरही जास्त पडते. पिशवी सायकलला लावून तो पार रोह्याच्या बाजूच्या रानापर्यंत जातो, साप सोडतो आणि परत येतो. "आलास तर दुसऱ्याच्या घरी जा, माझ्याकडं नको. कमळी पालीला बी भ्येते," असं त्याला बजावून सोडतो म्हणे.

त्या दिवशी त्याचा कान वांग्यासारखा झाला. मी त्याला मोटारसायकलवर घरी सोडलं. कमळीवहिनी अंगणात भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय झालं गो बाई कानाला?"

"काय नाय. आपटलो," दादा म्हणाला.

तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या अंगात त्या दिवशी प्रामाणिकपणा भरला होता. मी सगळं सांगितलं. चेंडू, फोटो, डावीकडून आला, दादाला दिसला नाही.

 वहिनी उठली, त्याच्या हातातली काठी घेतली आणि घरात कुडाच्या आत, आढ्याला, तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यामागे खोचून आली.

"नारळाएवढा चेंडू दिसला नाय. फुरसं बोटाएवढं असतं."

"अगो, ह्याने सोडला तो. मी सापाकडं बघत होतो."

"नाग काय सांगून येतो? भाऊ," ती माझ्याकडे वळली, "तो चेंडू काढू नको. देवदिवाळीला मी येन तुझ्या पडवीत. खाली टाकलेला दोर ह्यानं साप समजून उचलायचा, धा वेळा. मी चेंडू सोडीन, मला वाटंल तिकडनं. एकदा बी लागला नाय, तर काठी ह्याची. लागला तर ती चुलीत."

"आणि तवर फोन आला तर?"

"काळुराम गावाला गेलाय."

"कुठच्या गावाला? आपल्याला गाव हाय का दुसरं?"

"मग आता शोध," वहिनी म्हणाली आणि सूप उचललं.

तेव्हापासून तो रोज माझी शिफ्ट सुटल्यावर, साडेचारच्या सुमाराला यायचा. मी मोठ्या गुरूचा आव आणून पाय कसे ठेवायचे, हनुवटी कशी झाकायची ते दाखवलं. त्याने ते सगळं नीट ऐकलं आणि उकिडवा बसला. साप काही उभं राहून पकडत नाहीत. मग मी वरचा दोर लांबवला, खालची ट्यूब आखूड केली आणि चेंडू त्याच्या बसल्या डोक्याच्या उंचीला आणला. एवढं नीट मी तो स्वतःसाठी कधी लावला नव्हता.

त्याने चेंडूला एकदाही ठोसा मारला नाही. "त्यानं माझं काय केलंय," म्हणायचा. बोटाने ढकलायचा, आणि तो परत येताना मान वळवायचा. नुसती मान. चेंडू कानाजवळून जायचा, केसांना वारा लागावा इतका, आणि पुन्हा यायचा. उतरतं ऊन पडवीत तिरकं यायचं, चेंडूची सावली भिंतीवर मोठी होऊन हलायची. शेतातून कापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास यायचा. मी भिंतीला टेकून वहीत रेघा ओढत मोजायला बसायचो, कारण तोंडी मोजताना पंधराच्या पुढे मला आकडे आठवायचे नाहीत. कधी वाटायचं चेंडू थांबलाय आणि पडवीच झुलतेय, आम्हाला दोघांना घेऊन, आई आणि तिच्या चहासकट.

अशाच एका तंद्रीत त्याने मला त्याचं स्वप्न सांगितलं. त्याने सोडलेले सगळे साप वाडीच्या अंगणात येतात. फणा काढत नाहीत, फुसफुसत नाहीत. पंगतीला बसावं तसे रांगेने बसतात आणि त्याच्याकडे बघतात. त्याला प्रत्येकाचं घर आठवतं: हा मिठागरातला, ही शाळेच्या बाकाखालची, हा वकिलाच्या गाडीतला.

"मग काय करतात?"

"काय नाय. बसतात. मला बरं वाटतं." तो चेंडू ढकलत म्हणाला, "पयलं दोन्ही अंगानं यायचे. आता दोन वर्सं झाली, सगळे उजवीकडनंच येतात. डाव्या अंगाला धुकं असतं."

मी मोजायचं थांबवलं. माझ्या वहीत उजवीकडून आलेला चेंडू शंभरात दोनदा लागला होता. डावीकडून आलेला चाळीस वेळा. मी उठलो आणि त्याच्या डाव्या कानाशी दोन बोटं धरली.

"दादा, किती?"

तो हसला. "बोटं हायत व्हय?"

दोन वर्षांपूर्वी गवत कापताना मशीनने उडवलेला एक खडा डाव्या डोळ्याला लागला होता. समोरचं दिसायचं, पण डाव्या कडेचं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण एका डोळ्याच्या माणसाला मशीन कोण देईल. गेल्या महिन्यात फुरशाने डावीकडून उडी मारून त्याच्या पँटला दात लावले होते. कापड जाड होतं.

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला कळलं तर काठी गेली." मग म्हणाला, "काठी गेली तर काळुराम म्हंजे कोण, गवत कापणारा. तसे लय हायत."

मी त्याला शहाणपणाचं काहीतरी सांगायला हवं होतं. पण त्याच वेळी वाऱ्याने चेंडू हलला आणि वरच्या कडीत आकडा करकरला. चेंडू डाव्या अंगाला गेला की लांब किर्र, उजव्या अंगाला गेला की आखूड. मी ते महिनाभर ऐकत होतो. दादाने मान वर केली. त्यालाही आत्ताच ऐकू आलं होतं.

पुढचे आठ दिवस आम्ही कान तयार केले. मी मागून चेंडू ओढायचो, कडी करकरायची, आणि चेंडू सुटायच्या आत त्याला कळलेलं असायचं कुठून येणार ते. डावीकडून येणारा चेंडू लागायचा थांबला. शेवटच्या दिवशी शंभरात एकही नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी आरशासमोर दोन ठोसे मारले.

देवदिवाळीला वहिनी आली. नवं पातळ, केसात अबोली, हातात फडक्यात बांधलेली घावनं. आईला घावनं दिली, चहा घेतला, पडवीत येऊन चेंडूकडे पाहिलं. दादा जागेवर बसला. त्याच्यासमोर तिने सुंभाचा दोर टाकला.

"नजर दोरावर."

"व्हय."

तिने चेंडू ओढला. किर्र. तिने तो तसाच सोडून दिला, हळूच, कोणाला लागणार नाही असा. मग आईकडे वळली.

"वयनी, वाइच खोबरेल द्याल का? कडी लय करकरते. बरं नाय वाटत सणाला."

आई निरागसपणे वाटी घेऊन आली. वहिनी स्टुलावर चढली आणि कडीत, आकड्यात, दोन्ही बाजूंनी बोटाने तेल सोडलं. उरलेलं केसांना लावलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी बादलीकडे पाहिलं.

पहिला उजवीकडून. दादाने दोर उचलला, मान गेली, चेंडू गेला. दुसराही उजवीकडून. तिसरा कुठून आला ते मला दिसलं, वहिनीला दिसलं, आईला दिसलं. पडवीत कसलाच आवाज नव्हता. चेंडू त्याच्या डाव्या गालावर बसला आणि झुलत राहिला.

 दादाच्या हातात सुंभाचा दोर तसाच होता.

"कवापासनं म्हाईत हाय तुला?" त्याने विचारलं.

"जवापासनं तू ताट उजवीकडं सरकवून जेवतोस तवापासनं. दोन वर्सं." ती त्याच्यासमोर खाली बसली. "मी वाट बघत होते कवा सांगतोस. सापाला कडी नसते रे."

"मग जाळ काठी."

"जाळीन." तिने त्याच्या हातातून दोर घेतला, गुंडाळला, परत त्याच्यासमोर टाकला. मग उठली आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून, उकिडवी बसली. "भाऊ, आता तू सोड. मला सांगू नको कुठनं."

मी चेंडू डावीकडे ओढला.  सोडला. तिने "आला" म्हणून त्याच्या खांद्याला बोट लावलं, तो झुकला, आणि चेंडू दोघांच्या डोक्यांवरून गेला. सात वेळा सोडला. सात वेळा बोट, सात वेळा मान. एकदा चेंडू तिच्या अबोलीला लागला, पण ते मोजायचं नाही असं तिनेच ठरवलं.

काठी आता पुन्हा सायकलला असते. फोन आला की आधी वहिनी घेते. "दिवसा असंल तर येतो, दोघं येतो," म्हणते. सायकलवर मागे बसते, पोहोचल्यावर त्याच्या डाव्या अंगाला उभी राहते, डोळे अर्धे मिटून. पालीला आजही भिते. लोक आता दोन कप चहा करतात. डोळा दाखवायला मी दादाला पुढच्या सोमवारी घेऊन जाणार आहे, असं मी गेले चार सोमवार म्हणतोय.

चेंडू अजून टांगलेला आहे, दादाच्या उंचीला. मी बसून खेळतो. नाक अधूनमधून वाचतं. संध्याकाळी ऊन पडवीत आलं की तेल लावलेल्या कडीत तो आवाज न करता झुलत राहतो, आणि मला वाटतं भिंतीच्या कडेने कोणीतरी रांगेने येऊन बसलंय.

परवा दादा चहाला आला तेव्हा माळ्यावर काहीतरी सरकलं. नारळ हलले.

"दादा, आमची धामण अजून बाकी आहे," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. मग शेजारी पाहिलं. वहिनी चहात बेकरीतलं कडक बटर बुडवत होती.

"उंदीर हायत का आता घरात?" तिने आईला विचारलं.

"दिवाळीपासून एक नाही," आई म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे बाकी," वहिनी म्हणाली आणि दुसरं बटर घेतलं.