सारवलेली भेग

पावसाळ्यात ओसरीत आणि एरवी अंगणात, अशी सुमित्राबाई आठ वर्षं घराबाहेर झोपली. आत नवरा, रूपराव, खुशाल घोरत असायचा. किल्लारीचा भूकंप झाला त्या साली किराणा दुकानातून आणलेल्या साखरेच्या पुडीच्या पेपरावर तिथल्या एका पडलेल्या घराचा फोटो होता. दगडमातीच्या जाड भिंती, हुबेहूब तिच्या घरासारख्या. तेव्हा तिनं बाज बाहेर काढली ती काढलीच.

"या घराले तुहाच धाक हाये, धरतीची काय हिंमत!" रूपराव चिडवायचा. पण मनातून त्याला लागलं होतं. बायको अंगणात असताना ते घर त्याला खायला उठायचं.

दोन हजार एकच्या डिसेंबरात कारंज्याच्या पुढं, त्यांच्या गावच्या नाल्याकाठी, नागपूरहून मयुरी मॅडम आल्या. जमिनीतली जुनी भेग शोधायची आणि ती कधी सरकली ते मातीच्या थरांवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. जेसीबीनं लांब चर खणला, त्याच्या भिंती साफ करायला बाया लावल्या. सुमित्राबाई सगळ्यांत आधी हजर. तिला मजुरीपेक्षा उत्तर हवं होतं.

"मॅडम, घरात झोपू का नको?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"भिंत वाचून झाली की सांगते," मॅडम म्हणाल्या.

भिंत वाचायची म्हणजे काय, ते कुणी समजावलं नाही. पुढे मॅडमचे मोठे साहेब यायचे ठरले. आदल्या दिवशी हुकूम सुटला, भिंत चांगली स्वच्छ करून ठेवा. पाहुणा येणार म्हटल्यावर सुमित्राबाईला आणखी काय सांगायचं! तिनं शेण आणलं, पांढरी माती कालवली, आणि चराची भिंत वरपासून खालपर्यंत अशी सुरेख सारवली की लग्नघरानं लाजावं.

सकाळी मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो बाई, हे काय केलंत!" थर गेले, रेघा गेल्या, महिनाभर केलेल्या खुणा गेल्या. सुमित्राबाईचा चेहरा पार उतरला. आता ही बाई आपल्याला कशाला काही सांगते?

पण मॅडम मुळात शांत. जरा वेळानं त्यांना हसूच फुटलं. "चला, खरवडू. वीतभर आत गेलो की हीच भिंत पुन्हा भेटेल."

दोघी खुरपी घेऊन बसल्या. शेणाखालून पिवळी माती निघाली, तिच्यात एक तिरपी रेघ, आणि रेघेच्या एका अंगाला गोट्यांचा थर हातभर खाली गेलेला.

"ही सरकली तेव्हा मोठा भूकंप झाला असणार," मॅडम म्हणाल्या. "हजारो वर्षं झाली त्याला."

सुमित्राबाईनं रेघेवरून बोट वर नेलं. वरच्या काळ्या मातीत रेघ नव्हती.

"इथं काऊन नाई?"

"ती माती नंतर साचली. ती अजून एकदाही तुटलेली नाही."

"म्हंजे धरतीनं बी सारवलंच ना, मॅडम?"

मॅडम हसल्या, मग सरळ बोलल्या. "पुन्हा कधी सरकेल ते मला सांगता येणार नाही. उद्याही, दहा हजार वर्षांनीही. पण डोक्यावरच्या फळीवर जड काही ठेवू नका. माणूस धरणी हलल्यानं मरत नाही, घर नाहीतर घरातलं काही अंगावर पडून मरतो."

हवं होतं तसं हे उत्तर नव्हतं. पण आठ वर्षांत थट्टा न करता कुणी बोललं ते पहिल्यांदाच, आणि सुमित्राबाईला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिनं फळीवरचा पाटा न् पाण्याचा पितळी गुंड खाली उतरवले. मग बाज उचलली. बाज दारात अडली तसा रूपराव उठून आला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. आपली बाज त्यानं भिंतीला लावली आणि दाराजवळची, चटकन बाहेर पडता येईल अशी जागा तिला दिली.