आक्का चढली पाहिजे

गॅरेजात बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. गाडी खोललेली असते, पार्ट आलेला नसतो, चहा मात्र दोनदा येऊन गेलेला असतो. माणूस बोलणार नाही तर काय करणार? मी जालना एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर स्टोअर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी रफिक उस्तादांच्या गॅरेजात पडून असतो. घरचे म्हणतात, तिथंच खाट टाका!

* * *

एका ठेकेदाराला जीप उंच करून हवी होती. किती? चार इंच! उस्तादांनी परोपरीनं समजावलं, गड्यानं ऐकलं नाही. जीप थाटात घरी गेली. बायकोनं साडी सावरत तीनदा चढायचा प्रयत्न केला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी रिक्षानं येते."

दुसऱ्या दिवशी जीप परत गॅरेजात. तेव्हापासून उस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतात, "घर में पूछे क्या?"

* * *

साळवे सरांनाही त्यांनी तेच विचारलं. सर म्हणजे झेडपीच्या शाळेतले मास्तर, आमच्या बैठकीतले तिसरे. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे आणि पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात वडिलांचं शेत. शेताच्या वाटेवर दगडांचा नाला लागतो, तिथं जीपचं पोट घासायचं.

किती इंच वर घेऊ, असं उस्तादांनी विचारल्यावर सर म्हणाले, "नाल्यातून गेली पाहिजे. आन् आक्का चढली पाहिजे."

आता आली का पंचाईत! जीप जेवढी वर जाणार, तेवढ्या आक्का खाली राहणार.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा सरांना कडेवर घेऊन त्यांनी याच शेतात कापूस वेचला. पुढं लग्न होऊन तीर्थपुरीला गेल्या. गुडघे धरल्यापासून त्यांनी शेत पाहिलेलं नाही, पण दर फोनला विचारतात, विहिरीवरची चिंच कशी आहे? मला बहीण नाही. खरं सांगतो, सर हे बोलत होते तेव्हा मला फार वाटलं, आपल्यालाही कुणीतरी असं काहीतरी विचारावं.

नाल्यातून जाणाऱ्या एका उंच ट्रॅक्टरवर सरांनी एकदा त्यांना उचलून बसवतो म्हणून पाहिलं होतं. आक्का म्हणाल्या, "मला उचलायचं न्हाई. माणसाला उचलून एकदाच नेतेत."

* * *

मग सर माप घ्यायला तीर्थपुरीला गेले. अंगणात दाराशी विटा रचून आक्कांना एकेका थरावर चढवून पाहिलं. पाच विटांपर्यंत आक्का कशालाही न धरता चढल्या, सहाव्या विटेला दार धरावं लागलं. हे कशाला, असं त्यांनी विचारलं तर सर म्हणाले, शाळेचं काम आहे.

"साळंत आता माझे गुडघे शिकिवतो का?"

आणि हा माणूस त्या पाच विटा पिशवीत घालून गॅरेजात हजर! मी म्हटलं, सर, विटा जालन्यातही मिळतात. तर म्हणे, सगळ्या विटा काही सारख्या नसतात, आक्का या विटांवर चढली. उस्तादांनी त्या एकावर एक रचल्या, जीपच्या पायरीशी ताडून पाहिल्या आणि सांगून टाकलं, दोन इंच. एक सूत जास्त नाही.

* * *

उस्तादांनी चारी चाकांवरच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवला. नवे पाटे बसावेत म्हणून आमच्याकडे मागं पोती टाकून गाडी उभी ठेवायची पद्धत आहे. प्लांटवरच्या टाकाऊ बियाण्याची पोती मीच आणून दिली. दोन दिवसांनी टेप लावली, बराबर दोन इंच! पेढे वाटायचेच बाकी होते.

मग मी पोती उतरवायला लागलो आणि जीप आमच्या डोळ्यांदेखत वर यायला लागली. आम्ही पोत्यांसकट मापलं होतं! सरांचा चेहरा उतरला. उस्ताद मात्र आमच्यावरच उखडले, "जालने में खाली गाडी कौन नापता?"

शेवटी ते पाटे काढून पातळ पाटे घातले. या वेळी रिकामी मापली.

* * *

गेल्या महिन्यात आक्कांना शेतावर आणायचं ठरलं. आपलं काम आहे, बघावं लागंल, म्हणत उस्तादही टेप घेऊन निघाले. तीर्थपुरीला आक्कांनी पायरीवर डावा पाय टाकला आणि कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या. नाल्यात जीपचं पोट दगडाला लागलं नाही. सरांनी तिथं गाडी थांबवून डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

शेतात आक्का दिवसभर फिरल्या, हळूहळू, बांधाबांधानं. विहिरीच्या काठावर हात फिरवला. चिंच तोंडात धरून बसल्या.

ऊन उतरलं तसं सर म्हणाले, निघू या. आक्कांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

"लई उंच झाली रं गाडी. मला न्हाई चढता येत."

सर गोंधळले. उस्तादांनी टेप काढून पायरीला लावली. मी वाकून पाहिलं, माप तेच होतं, सुताचा फरक नाही. उस्तादांनी आक्कांकडे पाहिलं. त्या चिंचेकडे बघत होत्या. उस्तादांनी टेप खिशात टाकली.

"हां आक्का, गलती मेरी. उंच झाली. तुम्ही बसा तिकडं, मी खाली करतो. टाइम लगेगा."

आक्का चिंचेखाली जाऊन बसल्या. सर त्यांच्या शेजारी टेकले. उस्ताद पाना घेऊन जीपखाली शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून मी वाकून पाहिलं. ते पाठीवर निवांत पडले होते आणि मधूनमधून पाना नुसताच लोखंडावर आपटत होते.