आमचे जावई रिसीव्हर आहेत

पळून जाण्याचा पगार घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा जावई निघाला. आमची मुलगी फिजिओथेरपिस्ट. एका अमेरिकन खेळाडूचा गुडघा दुरुस्त करता करता तिने अख्खा माणूसच घरी आणला. तो इथल्या, कॅनडातल्या, फुटबॉलचा, म्हणजे ज्यात चेंडू लांबट असतो आणि पायाचा संबंध अधूनमधूनच येतो त्या खेळाचा, व्यावसायिक खेळाडू. लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, म्हणजे ‘रिसीव्हर’, आणि समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू घेऊन त्यांच्याच अंगावर पळत सुटायचं, म्हणजे ‘रिटर्न’, ही त्याची नोकरी. करार वर्षावर्षाचा, गुडघा चालेल तोवर नोकरी चालेल. पेन्शन बघून नोकरी धरलेल्या माझ्यासारख्या इंजिनिअरला हे ऐकूनच घाम फुटला.

आमच्या लंडनला, म्हणजे ओंटारियोतल्या बिनराजवाड्याच्या लंडनला, २०१६च्या गणपतीत बायकोने मंडळात ‘जावई रिसीव्हर आहेत’ एवढंच सांगितलं. एक निवृत्त बँक मॅनेजर लगेच म्हणाले, “बुडालेल्या कंपन्यांवर कोर्ट नेमतं ते? वा! मोठी जबाबदारी.” बायको म्हणाली, “हो ना, फार धावपळ असते.” मॅनेजरांनी मग जावयाकडेच मोर्चा वळवला. “येस सर, रिसीव्हर,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “अँड आय डू रिटर्न्स टू.” मॅनेजर हरखून माझ्याकडे वळले. “टॅक्स रिटर्न्ससुद्धा? अहो, मग यंदाचे माझे ह्यांच्याकडेच देतो!”

त्याच दिवशी गुरुजींनी त्याला संस्कारी ठरवलं. कारण प्रसाद त्याने दोन्ही हात जोडून ओंजळीत घेतला, आणि तो हाती पडेपर्यंत त्यावरची नजर हलवली नाही. खरं तर तो चहाचा कप, मिठाची बरणी, कारची किल्ली, सगळं असंच घेतो. “आधी डोळ्यांनी पकडायचं, बाबा, मग हातांनी,” असं त्याने मला एकदा इंग्रजीत समजावलं. आमच्या घरात त्याच्या हातून आजवर एक चमचाही पडलेला नाही. माझ्या हातून पडलेल्यांविषयी बायको बोलतेच.

त्याची मॅच बघायला मी कुरकुरतच गेलो. तोफा, धूर, बेंबीच्या देठापासून ओरडणारा निवेदक. एवढा थाट तर आपल्याकडे पालकमंत्र्यांनाही मिळत नाही. पण चेंडू आभाळात गेला आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. खाली तो एकटा, मान वर करून उभा, आणि समोरून डझनभर धिप्पाड माणसं त्याच्या दिशेने सुटलेली. अमेरिकेत म्हणे हात वर करून ‘मी पळत नाही’ असं सांगायची सोय आहे. कॅनडात ती नाही. चेंडू त्याला लागेपर्यंत बाकीच्यांनी पाच यार्ड लांब राहायचं, एवढीच दया. त्याने चेंडू घेतला, दोघांना बगल दिली, तिसऱ्याला नुसतं खांद्याने फसवलं आणि पार टोकाला गेला. मी खुर्चीवर उभा राहून मराठीत ओरडत होतो, असं मुलगी सांगते.

घरी येताना विचारलं, “भीती नाही वाटत?”

“आय ॲम स्केअर्ड, बाबा. दॅट्स व्हाय आय रन.”

२०१८च्या जूनमध्ये सराव शिबिर संपताना संघाने त्याच्याऐवजी एका नव्या पोराला घेतलं. बूट कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून तो आमच्याकडे आला. “दे वेअर नाइस अबाउट इट,” म्हणाला. बायकोने पान वाढलं. जेवता जेवता त्याने मला विचारलं, “बाबा, रिटायर झालात तेव्हा पहिल्या दिवशी काय केलंत?”

“गराज आवरलं.”

“अँड द सेकंड डे?”

मी पासष्टाव्या वर्षी निवृत्त झालो, तो एकतिसाव्या.

आता तो एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो, आणि मुलांना तो आवडतो. रविवारी सकाळी आम्ही दोघे निवृत्त नदीकाठी फिरायला जातो. थंडीत त्याचा गुडघा धरतो. तो पुढे निघाला तरी मी त्याला सहज गाठतो, आणि ते मला अजिबात आवडत नाही.