बदलीवर चंद्रकांतकाका

उद्या काकांबरोबर कोण जाणार, ही काळजी काही केल्या क्षितिजाच्या डोक्यातून जात नव्हती. विचारात एक भाकरी करपली.

चंद्रकांतकाका पुण्याजवळ भूगावात तिच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. उमेदीची वर्षं गेली सोलापुरात, कापडगिरणीत. बरीच वर्षं ते बदली कामगार होते. पहाटे फाटकाशी उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. कायम झाले आणि लवकरच गिरणी बंद पडली. मग एकेक करत बाकीचे भोंगेही मुके झाले. निवडणुकीत ज्या फाटकासमोर पुढारी ताटकळायचे, तिथून त्यांच्या गाड्या काचा वर करून जाऊ लागल्या. तरणी पोरं पुण्याच्या वाटेला लागली. त्यांतच काकांचा शैलेश.

फाटकाशी उभं राहायची सवय काकांनी इथंही आणली. शाळेची बस परतायच्या वेळी ते गेटवर हजर. कुणाची आई चांदणी चौकात अडकली की त्या पोराचं दप्तर काकांच्या खांद्यावर. लेक किमया पहिलीत असताना क्षितिजा गाडीत रडकुंडीला यायची, तेवढ्यात त्यांचा फोन. "आलीय बघा लेक. शेंगाचटणी-भाकरी खातीय. सावकाश या की ओ."

आभार मानले की म्हणायचे, "बदलीवर हाय मी. कायम तेवढं करू नका. मला कायम केलं की गिरणी बंद पडती."

आज त्यांनीच सांगितलं, उद्या मी गेटवर नाही, लेकीचं बघा. डोळ्याचं ऑपरेशन होतं. शैलेश कंपनीच्या कामासाठी परदेशात, घरात दुसरं कुणी नाही. सोबत कोण, असं तिनं विचारलं.

"रिक्षावाला हाय की ओ."

तेव्हा ती हसली होती. आता मात्र डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर एकटे बसलेले काका दिसत होते. उद्या ऑफिसात मोठी मीटिंग होती. पण आजवरच्या किती मीटिंगा या माणसाच्या जिवावर निभावल्या होत्या!

तिनं ऑफिसला कळवून टाकलं. किमयाला उतरवून घ्यायला वरच्या उषाताई तयार झाल्या. काका नको म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा विचारायचं नाहीच. सकाळी गेटशी उभी आहे, एवढंच सांगायचं, असं ठरवून तिनं काकांचा नंबर लावला.