थंडीचं घर

अजूनही कुणी त्या प्रवासाचं नाव काढलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. भुसावळच्या एका मंडळाने एकदा मला भाषणाला बोलावलं होतं. 'ध्रुवप्रदेशाचं निर्मळ सौंदर्य' असा विषय फळ्यावर लिहूनसुद्धा ठेवला होता. मी गेलोच नाही. निर्मळ म्हणे! ज्यांनी तिथला वास घेतलेला नाही त्यांनी खुशाल निर्मळ म्हणावं.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. मी दीपनगरच्या वसाहतीत राहायचो, वीजकेंद्रात बॉयलरवर इंजिनिअर होतो. आबा, म्हणजे माझे वडील, रावेरजवळच्या आमच्या गावी केळी लावायचे. बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. तिने आणि मेहुण्यांनी दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या एका लहानशा जहाजावर दोन जागा धरल्या होत्या, आणि निघायच्या तीन महिने आधी मेहुण्यांच्या पाठीचं ऑपरेशन निघालं. जागा परत घेत नव्हते. बहिणीने फोन करून सांगितलं, तू आबांना घेऊन जा, त्यांची किती वर्षांची इच्छा आहे ते तुला माहीत आहे.

माहीत होतं. केळीवाल्याचा खरा वैरी ऊन नाही, थंडी. उन्हाला पाणी तरी देता येतं, थंडीला काय देणार? पौषात पारा उतरला की पानं पिवळी पडतात, घड पोग्यातच, वरच्या पानांच्या सुरळीतच, अडकतो. आम्ही म्हणतो, बागेला चरका बसला. आबा पहाटे उठून बांधावर ओला पालापाचोळा पेटवायचे, बागेत धूर कोंडायचे. एका वर्षी धूर करकरूनही सगळी बाग गेली. त्या सकाळी आबा बांधावर उभे राहून म्हणाले होते, "ही येते तरी कोठून? एकदा हिचं घर पाह्याचं हाये मले." तेव्हापासून ते त्यांचं पालुपदच झालं. जहाजाचं कळल्यावर त्यांनी मळा सालदाराच्या हवाली केला आणि जन्मात पहिल्यांदा भर पौषात गाव सोडलं.

मला मात्र मुंबईच्या विमानतळापासूनच कानकोंडं व्हायला लागलं. आबांनी विमानात ठेच्याची बाटली उघडली आणि पुढच्या तीन रांगांतली माणसं मागे वळून बघायला लागली. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. शेजारच्या गोऱ्या बाईला केळीचे वेफर्स पुढे केले, तिने नको म्हटलं तरी तिच्या हातात कोंबले. मी दर तासाला त्यांना खालच्या आवाजात दटावत होतो. ते दर वेळी मान डोलवायचे.

जहाजावर आम्ही नव्वदेक माणसं होतो. पहिले दोन दिवस समुद्राने आम्हाला सुपात घालून पाखडलं. जिन्यात, जेवणाच्या हॉलमध्ये, जिकडे तिकडे ओकारीच्या कागदी पिशव्या अडकवलेल्या. वरून तळलेल्या मासळीचा वास. शी! मी दोन दिवस आडवा होतो आणि आतडी बाहेर पडायची तेवढी बाकी होती. आबांना काही झालं नाही. केळीच्या ट्रकवर बसून दिल्लीपर्यंत गेलेला माणूस. ते माझ्या तोंडापुढे पिशवी धरायचे, आपल्या उपरण्याने माझं तोंड पुसायचे, तेच उपरणं धुऊन पुन्हा खांद्यावर टाकायचे. मला त्या ओल्या उपरण्याचीसुद्धा शिसारी यायची, खोटं कशाला बोलू.

उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. सांगणारी बाई त्या सफरीची प्रमुख होती, उंच, उन्हाने रापलेली, कडक. तिथली कुठलीही वस्तू उचलायची नाही, आपली कुठलीही वस्तू टाकायची नाही. रबरी बूट औषधाच्या पाण्यात धुऊनच उतरायचं, म्हणजे आपल्याकडची माती, बी, रोग तिथे जाणार नाही. आमच्यातले अर्धे लोक कंटाळून खिडकीबाहेर बघत होते. मी आबांना मराठीत सांगितलं, तर त्यांना ते लगेच पटलं. रोगट बागेतला गडी ते निरोग्या बागेत कधी पाय धुतल्याशिवाय जाऊ देत नसत. त्यांनी आपले बूट दोनदा घासले. त्या नव्वद जणांत त्या बाईचं म्हणणं खरं कळलेला माणूस तेवढा एकच होता, हे मला आज कळतं.

दुसऱ्या दिवशी रबरी होडीतून एका बेटावर उतरलो. बर्फ कुठला, नुसते काळे गोटे आणि त्यावर हजारो पेंग्विन. फोटोत तो पक्षी फार गोड दिसतो. त्याची विष्ठा फोटोत येत नाही. सगळा किनारा त्या गुलाबी, बुळबुळीत घाणीने माखलेला, कोंबड्यांच्या शेडमध्ये कुणी सडकी मासळी ओतावी तसा दर्प. मी नाकाला रुमाल लावून उभा होतो आणि आजूबाजूचे लोक डोळ्यांत पाणी आणून "किती सुंदर" म्हणत होते. मी मागे वळून पाहिलं तर आबांनी दोन्ही बूट काढले होते, मोजे काढून खिशात घातले होते, आणि त्या घाणीत ते अनवाणी उभे होते. मग ते खाली वाकले, हाताने त्या जमिनीला शिवले आणि हात कपाळाला लावला.

आमच्याकडे शेतात शिरताना चपला बांधावर काढतात. नवं शेत घेतलं तर पहिलं पाऊल अनवाणीच टाकायचं, मातीला हात लावून पाया पडायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी गोट्यांवरून धावत गेलो आणि दातओठ खाऊन विचारलं, हे काय चालवलंय? ते म्हणाले, "नवी जमीन हाये रे. बूट घालून कसा जाऊ?"

तोवर चारपाच जण कॅमेरे घेऊन जमले होते. कुणीतरी हसलं. ती प्रमुख बाई लांबून ढांगा टाकत आली. ती रागावलेली नव्हती, घाबरली होती. तिने मला विचारलं, यांना काय होतंय, यांनी असं का केलं? एका वाक्यात सांगता आलं असतं. आमची रीत आहे, एवढं म्हटलं असतं तरी तिला समजलं असतं, ती तशी बाई होती. पण मला त्या क्षणी आबांच्या गुलाबी झालेल्या पायांची, त्या कपाळावरच्या डागाची इतकी किळस आली, त्या हसणाऱ्या लोकांपुढे इतकी लाज वाटली, की मी खांदे उडवले, कानाजवळ बोट फिरवलं आणि इंग्रजीत म्हणालो, वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं.

आबा तेव्हा खाली बसून मोजे चढवत होते. आणि इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी निश्चिंत होतो.

संध्याकाळी बाई आमच्या खोलीत आली. फार हळुवार बोलली. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला पुन्हा होडीत उतरवण्याची जबाबदारी तिला घेता येत नव्हती. आबांनी जहाजावरूनच बघावं. ती गेल्यावर आबांनी काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं, तुमच्या पायाला गारठा लागेल, डॉक्टर नको म्हणतात. त्यांनी पायांकडे पाहिलं. मग बरं म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी जहाज खऱ्या बर्फाच्या जमिनीला लागलं. त्याचसाठी तर आबा आले होते. बाईकडे जाऊन खरं सांगायला मला पाच मिनिटं पुरली असती. मी तिच्या दारापर्यंत गेलोही, पण स्वतःच्या तोंडाने खोटारडा ठरायचं जिवावर आलं. आबा कठड्याला धरून उभे राहिले, मला म्हणाले, तू जा, माझ्या वाटचं पाहून ये. मी गेलो. डोळे फुटतील असं पांढरं होतं, एवढंच आठवतं. लोक बर्फात लोळले, एकमेकांचे फोटो काढले. परतताना खलाशांनी पाण्यातला बर्फाचा एक मोठा तुकडा ओढून घेतला, आणि हजारो वर्षांचा बर्फ म्हणून सगळ्यांनी तो फोडून दारूत घालून प्यायला. ढेकर देत होते मेले.

त्यातलाच एक तुकडा मी वाटीत घालून आबांकडे नेला. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि वाटी बेसिनमध्ये ओतली. म्हणाले, "थंडी तर आपल्या मळ्यातबी येते. मले तिचं घर पाह्याचं व्हतं."

गावी परतलो त्या संध्याकाळी ओट्यावर वीसपंचवीस माणसं जमली. आबांनी जहाज सांगितलं, समुद्र सांगितला, पेंग्विनची घाण अशी रंगवली की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी ओकारी मात्र त्यांनी सांगितली नाही. मग शेजारच्या मळ्यातल्या नानांनी विचारलं, आबा, बर्फावर उतरले तेव्हा पायाला कसं लागलं? मी चहाचा कप खाली ठेवला.

आबा म्हणाले, "मी नही उतरलो नाना. डोकं ठिकाणावर नही ना माझं." आणि हसत हसत त्यांनी कानाजवळ बोट फिरवलं, अगदी मी फिरवलं होतं तसं.

सगळे हसले. म्हाताऱ्याने गंमत केली असं त्यांना वाटलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधी हा विषय निघाला तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी पडली होती. ते नेहमीसारखे बांधावर धूर करायला गेले. मीही मागोमाग गेलो, तर म्हणाले, तू घरी जा, तुले वास सहन व्हनार नही.