सहा प्लग आणि हातभर तार

स्पार्क प्लग पॉलिश पेपरने घासून तोच परत बसवणाऱ्या माणसाची मला चीड येते. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारी वस्तू एकच, आणि हे महाभाग पहिल्यांदा तिचंच तोंड पुसून टाकतात. वर डोकं खाजवत विचारतात, गाडी काऊन मिसिंग करते, काऊन अडखळते म्हणून. हे मी माझ्या मोठ्या भावाला उद्देशून लिहिते आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आमचं गॅरेज गुडीहत्नूरला, हायवेला लागून. बाबांनी ते उभं केलं तेव्हा पेट्रोलच्या जीपा पुष्कळ होत्या. ड्रायव्हर जीप लावायचा, प्लग काढायचा, तळहातावर ठेवून बाबांपुढे धरायचा आणि विचारायचा, "काय म्हणून राह्यला?" गाडीला काय झालं असं कोणी विचारत नसे. प्लग काय म्हणतो, एवढंच. बाबा चष्मा कपाळावर ढकलून प्लग उन्हात धरत. तेवढ्यात ड्रायव्हरनं आपलं पुराण सुरू केलं तर चिडायचे. "आंधी त्याले तं बोलू दे," म्हणायचे. मग जे सांगायचे ते शेवटचं. त्यावर कोणी वाद घातलेला मला आठवत नाही.

हे वाचन बाबांनी आम्हा दोघांनाही शिकवायला घेतलं, पण भावाचं बूड दोन मिनिटं एका जागी टेकत नसे. मी टेकले. टोकाची पांढरी चिनीमाती चहाच्या रंगाची झाली असेल तर सगळं ठीक. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त. पांढरीफटक असली तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. आणि त्या पांढऱ्यावर मिरीपुडीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर गाडी जागच्या जागी बंद करायची, कारण ते ठिपके पिस्टनचे असतात. पिस्टन वितळायला लागलेला असतो.

बाबा गेले तोवर मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. मागचा बाकडा माझ्याकडे आला, पुढचं गॅरेज भावाकडे. असं कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. गिऱ्हाईक प्लग भावापुढे धरायचं. तो "बघतो" म्हणून आत यायचा, प्लग माझ्या बाकड्यावर टाकायचा आणि माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायचा. विचारायचा नाही. मी त्या पाठीला सांगायची, "तिसऱ्या सिलिंडरले पेट्रोल पुरून नाई राह्यलं." तो बाहेर जाऊन तेच आपल्या आवाजात सांगायचा. बाहेर त्याच्या नजरेची तारीफ व्हायची आणि आत माझ्या अंगाचा तिळपापड. वर्षानुवर्षं असंच चाललं. त्यानं एकदा तरी माझ्यापुढे प्लग धरून "काय म्हणून राह्यला?" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी होत नाही म्हणून मी त्याचा द्वेष करत होते.

त्यात त्याला ताकदीचं वेड लागलं. साध्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन घालायचं, सायलेन्सर कापायचा, गाव दणाणून सोडायचं. यंदा एका ठेकेदाराची पिकअप घेतली. अपघातात मोडलेल्या मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तिच्यात बसवलं आणि त्यावर टर्बो. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण दाबलेली हवा तापते, आणि ती थंड करायला पुढच्या जाळीमागे एक कूलर असतो. त्याला समोरून वारा लागलाच पाहिजे. नाही लागला तर आतलं पेट्रोल ठिणगीला न जुमानता आपल्या मनानं भडकतं, पिस्टनवर हातोडे बसतात, आणि त्याची पहिली खूण प्लगवर उमटते.

त्या गाडीसाठी मी लवकर थंड होणारे प्लग नागपूरहून मागवायला लावले. भावाला ते पटलं नाही. त्याहून पटली नाही ती फट. प्लगच्या दोन टोकांमधली फट मी कमी करत होते, कारण एवढ्या दाबात मोठ्या फटीतली ठिणगी विझते. तो म्हणाला, "बाइकले फट वाढोली का करंट वाढते. तू उलटं काऊन करून राह्यली?"

"हे बाइक हाय का?"

"जास्त शायनी नको बनू."

मी ऐकलं नाही. बाबांच्या फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या त्या पातळ पात्यांच्या जुडीनं, सहाही प्लग मापले, दोनदा मापले, आणि हातानं घट्ट केले. टर्बोचा दाबही कमी ठेव म्हणाले. त्यावर तो हसला. निघताना सहज सांगावं तसं म्हणाला, "दसऱ्यानंतर तुया बाकडा काढून राह्यलो. तिथं स्कॅनर ठेवतो. आता मशीनच सांगते सारं." बाकडा गेला तर त्या गॅरेजमध्ये मी कोण होते? स्वयंपाकघरातून चहा आणून देणारी बहीण.

खंडेनवमीला त्यानं हत्यारांची पूजा मांडली. पाने, हातोडे, जॅक, नवा कोरा स्कॅनर, सगळं ओळीनं, सगळ्यांना हळदकुंकू. बाबांचं फिलर गेज त्यात नव्हतं. ते बाकड्यावरच पडलं होतं. तो विसरला असेल असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. मी कुंकवाचं बोट घेतलं आणि बाकड्यावरच त्याची पूजा केली.

दसऱ्याच्या सकाळी पिकअप गॅरेजसमोर उभी होती. ठेकेदाराला ती घेऊन इंद्रवेल्लीच्या बाजूला मिरवत जायचं होतं, पुढचा जंगलातला चढ चढून. निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. बॉनेटवर झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आणि समोरच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच्या हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स. आमच्याकडे दसऱ्याला गाडीचं तोंड असं झाकायची रीतच आहे. ट्रॅक्टरला चालतं, डिझेलच्या जुन्या ट्रकला चालतं. भाऊ तीन कोपरे बांधून चौथ्याशी झटत होता.

मी बाहेर जाऊन म्हणाले, "भाऊ, फ्लेक्स काढ. कूलरची हवा अडून राह्यली."

ठेकेदार हसला. "क्या अक्का, मेराच फोटो निकालतें क्या?"

भावाला गिऱ्हाइकासमोर हे झोंबलं. "तू मंदी जा. बाईनं प्लग पुसावं, गाडीत डोकं नाई घालावं."

दोघंही हसले. मी आत आले. हे मी आजही तसंच सांगते: त्या क्षणी ते इंजिन जळावं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी त्याची वाट बघायला लागले. त्याला चारचौघांत तोंडघशी पडलेला बघायचा होता मला.

थोड्या वेळानं तो आत आला. "तार दे हातभर. चौथा कोपरा सुटून राह्यला." माझ्या बाकड्याखाली बांधणीची तार असते, हे त्याला माहीत होतं. तो कोपरा सुटला असता तर वाऱ्यानं फ्लेक्स अर्ध्या वाटेतच उडून गेला असता. मला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. तार संपली, असंही म्हणता आलं असतं. मी वाकले, वेटोळं काढलं, पक्कडीनं चांगली हातभर तार तोडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं तीन पीळ देऊन कोपरा आवळला. गाडी गरजत निघून गेली, आणि मी घरात जाऊन पुरणाला हात लावला.

दुपार कलताना ट्रॅक्टरमागे दोर बांधून पिकअप परत आली. माळा सुकल्या होत्या, फ्लेक्स जागेवर होता. चढावर म्हणे डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, मग एक दणका, मग निळा धूर. ठेकेदार खाली उतरला तोच तोंडाचा पट्टा सोडत. त्याच्या माणसांसमोर, ऐन चढावर, दसऱ्याच्या दिवशी. "प्लग कोणी बसवले?" एवढं एक वाक्य त्यानं मराठीत विचारलं.

भावानं माझ्याकडे बोट केलं. "तिनं."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्यानं पहिल्यांदा माझ्या कामाला माझं म्हटलं होतं.

मी पाना घेतला. सहाही प्लग काढून फडक्यावर क्रमानं ठेवले. पाचांवर मिरीपुडी चमकत होती. चौथ्याची चिनीमाती फुटली होती आणि टोक वितळून गोळा झालं होतं. भावानं स्कॅनर लावला. त्यावर चौथ्या सिलिंडरचं मिसिंग दाखवणारी इंग्रजी अक्षरं आली, का झालं ते आलं नाही. ठेकेदारानं तो चौथा प्लग उचलला आणि भावाच्या नाकासमोर धरला. "बोल ना. क्या बोलताय ये?"

भाऊ बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. मग त्यानं प्लग आपल्या तळहातावर घेतला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काय म्हणून राह्यला?"

मी चष्मा वर केला नाही, प्लग उन्हात धरला नाही. गरजच नव्हती. "फट बरोबर हाय. प्लग बरोबर हायेत, म्हणून पाच तरी उभे हायेत. हवा तापली. कूलरले वारा नाई भेटला. चौथ्याच्या पिस्टनले भोक पडलं असंन, खोलून पाहा. आन् वारा काऊन नाई भेटला ते गाडीच्या तोंडावरच लिवून हाय."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. ठेकेदार जाळीवर हात जोडून हसत होता. खरा ठेकेदार थुंकला आणि निघून गेला.

मला गोड वाटलं. नाही कशाला म्हणू? फार गोड वाटलं. भाऊ जाळीशी उकिडवा बसला आणि फ्लेक्स सोडवू लागला. चौथ्या कोपऱ्याचे पीळ उलगडून त्यानं ती तार सरळ केली आणि माझ्यापुढे धरली.

"हे तं तूच देल्ली," तो म्हणाला.

"तू मांगली."

"तुले ठाऊक होतं."

"मी सांगतलं होतं."

"एकडाव सांगतलं," तो म्हणाला. "बाबा असते तं चाबी काढून घेतली असती."

चावी सकाळी गाडीतच लटकत होती, माझ्या हाताच्या अंतरावर. तो मूर्ख होता, उर्मट होता, बोट दाखवून मोकळा झालेला भेकड होता. पण कळत होतं ते मला.

पिस्टनला खरोखरच भोक होतं. स्कॅनर आता पुढच्या टेबलावर असतो आणि बाकडा जागच्या जागी आहे. काढायचा विषय भावानं पुन्हा काढला नाही. फिलर गेज त्यानं स्वतः पुढच्या खिळ्याला टांगलं. आता तो प्लग बाकड्यावर टाकत नाही, पाठही करत नाही. गिऱ्हाइकासमोर मला बाहेर बोलावतो, तळहात पुढे करतो आणि विचारतो, "काय म्हणून राह्यला?" जे मला हवं होतं ते रोज मिळतं. मी प्लग उन्हात धरते, वाचते, सांगते. तो मात्र प्लगकडे बघत नाही. मी बोलून होईपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत असतो, काही सांगायचं ठेवलं का म्हणून.