कडी माझ्या बाजूने

माझी पांढरी मांजर शेजारच्या भाभीच्या मांडीवर झोपलेली मला पहिल्यांदा दिसली ती मोबाइलमध्ये. भाभीने स्टेटसला तिचा व्हिडिओ ठेवला होता. मांजर उताणी पडलेली, पोट वर, आणि भाभीचं बोट तिच्या गळ्याखाली फिरतंय. खाली दोन लाल बदाम. मी तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं मी त्या मांजरीला दूधपोळी घालत होते. माझ्यासमोर ती एकदाही पोट वर करून झोपली नव्हती.

बोरी अरब गावात आमच्या आणि भाभीच्या घरांमध्ये छातीएवढी एकच भिंत आहे. पलीकडे तिच्या तीन बकऱ्या, अलीकडे माझी तुळस आणि धुण्याचा दगड. तिचा नवरा वेल्डिंगचं काम करतो, गावातली अर्धी गेटं त्याच्या हातची आहेत. भाभी मला ताई म्हणते. विरजण संपलं, शिलाईचा दोरा संपला की मी भिंतीवरूनच तिला हाक मारते. म्हणजे वैर असं काही नव्हतंच. माझी दोन मांजरं होती, एवढंच. त्यातला बोका इतका आळशी की त्याला भिंत चढायचाही कंटाळा. तो जन्मात कुणाकडे गेला नाही. पांढरी मात्र सकाळची ताटली चाटूनपुसून झाली की भिंतीवर जायची, एकदा मागे वळून माझ्याकडे बघायची आणि पलीकडे उडी मारायची. ते मागे वळून बघणं मला फार लागायचं.

आधी मी मनाची समजूत घातली, की तिकडे मासळी मिळते, आमच्याकडे वरणभात, जनावर आहे, जाणारच. पण स्टेटसमध्ये कुठे मासळीचा तुकडा नव्हता. नुसती मांडी होती. मग मी ठरवलं की अंगणात जाळीचं घर बांधायचं आणि दोन्ही मांजरं त्यात ठेवायची.

"गावात कुत्री लय माजली," मी नवऱ्याला म्हटलं.

तो चहा पीत होता. "मांजराले कुत्र्याचं भेव हाय, का तुले भाभीचं?" तो म्हणाला.

मी त्याच्यापुढची बशी उचलून आत नेली.

आता गावात वेल्डिंगवाला एकच, तोही भाभीचा नवरा. म्हणजे त्याच्या बायकोपासून मांजर तोडायची आणि जाळी त्याच्याच हाताने जोडून घ्यायची. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तो माप घ्यायला आला आणि म्हणाला, "वहिनी, दरवाजा कोनीकडे ठेवू? भिंतीकडे ठेवला तं सावली राह्यते." चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, बायकोने पढवून पाठवलाय. "घराकडे," मी म्हटलं, "भिंतीकडून नुसती जाळी. वरून बी जाळी." त्याने मान डोलावली आणि पेन्सिल कानावर ठेवली.

चार दिवसांत त्याने सुरेख काम केलं. अँगलचा सांगाडा, बारीक चौकटीची जाळी, अर्ध्या भागावर पत्रा. कुठे टोक राहू नये म्हणून प्रत्येक कोपरा घासून दिला, आणि जाळीवरून स्वतःचा हात फिरवून पाहिला. पुढची सजावट माझी. आमच्या जुन्या कूलरचा पत्र्याचा खोका आडवा टाकून मी त्याची खोली केली. दिवाणाच्या फळ्या वरखाली लावून बसायला जागा केल्या. बाभळीच्या खोडाला सुतळी गुंडाळली, नखं घासायला. एका घमेल्यात रेती, एका कुंड्यात पाणी. उन्हाच्या बाजूला तुराट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, ताटी बांधली. नवरा त्याला पिंजरा म्हणायचा. मी म्हणायचे, मांजरांचं अंगण.

त्याच दिवशी भाभी भिंतीपाशी आली. तिच्या हातात जुनी गोधडी होती, कडेने विटलेली.

"ताई, हे टाका आत. याच्यावरच झोपते ते," ती म्हणाली.

मी हसून गोधडी घेतली आणि आत नेऊन माळ्यावर फेकली. माझ्या मांजरीला भाभीच्या घरचं अंथरूण? मी तिला अशी मऊ गादी करून देणार होते की ती भाभीची मांडी विसरेल.

कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. दिवाळीपासून मागची खोली छतापर्यंत भरली होती, भाव येईल तेव्हा येईल. रीतीने तो पिंजाऱ्याकडे नेऊन पिंजून घ्यायला हवा होता. पण पिंजारी म्हणजे भाभीचा सख्खा भाऊ. त्याच्याकडे गेले की संध्याकाळपर्यंत गादीची बातमी भाभीकडे पोचणार, आणि वर तोही म्हणणार, माझ्या बहिणीच्या मांजरीसाठी का? तेव्हा मी दोन दुपारी बसून हाताने सरकी काढली, जमली तेवढी, आणि ढिगातला कापूस तसाच नव्या खोळीत भरला. वर फुलांची नक्षी शिवली. अशी गादी मी स्वतःच्या लेकीलाही करून दिली नव्हती.

पांढरी गादीवर बसली. मी पदराने डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. दिवसभर ती भिंतीकडच्या जाळीला नाक लावून ओरडायची, पण रात्री गादीवर यायची. पलीकडून भाभीची हाक आली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "झोपली हो, गादीवर झोपली." भाभी म्हणायची, "झोपू द्या." तिच्या आवाजात दुःख आहे का, हे मी कान देऊन ऐकत असे. असलं की मला बरं वाटायचं.

पंधरा दिवसांनी पांढरी अंग खाजवायला लागली. मानेवरचे केस गेले, पोटावर लाल चट्टे उठले. मला एका क्षणात कारण सापडलं. मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "तुमच्या बकऱ्यायच्या पिसवा लागल्या माह्या मांजरीले."

भाभी बकरीला पाला घालत होती. तिचा हात थांबला. तिने उरलेला पाला खाली टाकला आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी बकऱ्या भिंतीपासून हलवून पार रस्त्याच्या बाजूला बांधलेल्या दिसल्या, जिथे दुपारभर ऊन असतं. त्या दिवसापासून भिंतीवर भाभीचं डोकं दिसेनासं झालं आणि हाकही थांबली. मी जिंकले होते. विरजण मात्र मला कोपऱ्यावरच्या दुकानातून विकतचं दही आणून लावावं लागलं, आणि ते लागेना.

मग बोकाही खाजवू लागला. मी त्याला मांडीवर घेऊन बकऱ्यांना शिव्या घालत होते आणि मध्येच माझी जीभ अडकली. बोका जन्मात भिंतीपलीकडे गेला नव्हता. पिसवाच असत्या तर पांढरीला दोन आठवडे उशिरा कशा लागल्या असत्या, तेही ती तिकडे जायची बंद झाल्यावर?

"मले बी खाजून राह्यलं," नवरा म्हणाला. त्याने बाही वर केली. "घरात कापूस हाय न. दरसाल होते. तुले काय नवीन हाय?"

नवीन काहीच नव्हतं. कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही त्या खोलीत लहान लेकरू निजवत नाही. आणि मी तोच कापूस खोळीत भरून, वर फुलं काढून, मांजरांच्या अंगाखाली घातला होता. मी अंगणात बसून गादी उसवली. कापसात बारीक किडे वळवळत होते. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ होतं. आठवडाभर मी ते खाजवत होते आणि भाभीला दोष देत होते.

गादी जाळली. माळ्यावरून गोधडी काढली, झटकली, कूलरच्या खोलीत अंथरली. पांढरीने तिला नाक लावलं, पुढचे दोन्ही पाय आलटून पालटून दाबत राहिली आणि मग आडवी झाली. हळूहळू तिचं पोट वर आलं. मी तिथेच उभी राहून रडले. आनंद होता, पण जास्त करून जळफळाटच होता.

संध्याकाळी मी पहिल्यांदा भिंतीवरून न बोलता दारातून भाभीकडे गेले. ती भाजी निवडत होती.

"बकऱ्यायचं काई नव्हतं," मी म्हटलं. "माह्या कापसाचं होतं."

"मले मालूम होतं, ताई," ती म्हणाली. "तुमचा बोका बी खाजवून राह्यला होता. जाळीतून दिसे."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तुमाले वाटलं असतं, मी मांजर मागाले आली." तिने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मी बसले आणि पानं खुडायला लागले. बऱ्याच वेळाने मी तिच्या नवऱ्याला निरोप ठेवला, की जाळीला भिंतीकडून एक झडप पाडून द्या.

तो दुसऱ्या दिवशी आला. जाळी कापून झाल्यावर त्याने विचारलं, "वहिनी, कडी कोनीकडून लावू?"

"माह्या बाजूनं," मी म्हटलं. भिंतीपलीकडे भाभी हसल्याचं मला ऐकू आलं.

आता रोज जेवणं झाली की मी स्वतःच्या हाताने कडी काढते. पांढरी भिंतीवर जाते, मागे वळून बघते, उडी मारते. चारच्या सुमाराला परत येते तेव्हा तिच्या अंगाला भाभीच्या हाताचा वास असतो, अत्तराचा आणि लसणाचा. मी ओल्या फडक्याने तिला आधी पुसून काढते, मगच मांडीवर घेते. पुसताना ती डोळे मिटून मान वर करते. असं ती फक्त माझ्याकडे करते, असं मी धरून चालले आहे. भाभीला मी विचारलेलं नाही.